आयफोनसोबत अ‍ॅपल वॉच की गार्मिन? तुम्ही राहता कुठे त्यावर आहे

म्युनिक-फ्रँकफर्टला गेलेली आपली मंडळी हल्ली हे विचारतायत, कारण मार्च 2025 मध्ये युरोपियन कमिशनने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टखाली (मोठ्या टेक कंपन्यांच्या मक्तेदारीला लगाम घालणारा युरोपचा कायदा) अ‍ॅपलला सांगितलंय की दुसऱ्या कंपन्यांची घड्याळं, हेडफोन यांनाही आयफोनच्या त्याच सोयी द्या ज्या स्वतःच्या वस्तूंना देता. म्हणजे नोटिफिकेशन, झटपट पेअरिंग, वायफाय वगैरे, सगळं टप्प्याटप्प्याने.

आज फरक कुठे जाणवतो ते बघा. आयफोन आणि गार्मिनचं घड्याळ असेल तर आईचा व्हॉट्सअ‍ॅप ‘पोचलास का’ मनगटावर दिसतो, पण ‘हो’ म्हणायला फोन खिशातून काढायचा. तेच गार्मिन अँड्रॉइडला जोडा, तयार उत्तरांतून ‘हो’ दाबलं की झालं, म्हणजे घड्याळात दम आहे, दार फोनने अडवलंय. शिवाय आयफोनवर गार्मिनचं अ‍ॅप सवयीने वर सरकवून बंद केलंत की सिंकही थांबतं. अ‍ॅपल वॉचला यातली एकही कटकट नाही, पण ते जवळपास रोज चार्जिंगला लावायचं, आणि उद्या अँड्रॉइड घेतलात तर ते चालतच नाही. गार्मिनच्या फोररनर 165 घड्याळाला कंपनी एका चार्जमध्ये 11 दिवस सांगते, रोज पळायला जाणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

अ‍ॅपलचं म्हणणं, नोटिफिकेशनमधला मजकूर बाहेरच्या कंपनीला दिला तर प्रायव्हसी गेली. मला यात थोडं तथ्य वाटतं, पण माझ्या मेसेजबद्दल परवानगी द्यायची की नाही ते मी ठरवावं ना, अ‍ॅपलने का? पण कायद्याची झळ ग्राहकालाही लागते बरं का, आयफोन मिररिंग (मॅकवर आयफोनची स्क्रीन वापरण्याची सोय) युरोपात दिलंच नाही, आणि आयफोनच्या iOS 26.2 अपडेटमध्ये तिथल्या अ‍ॅपल वॉचला आयफोनकडून आपोआप मिळणारी वायफायची माहितीही बंद केली. म्हणजे गार्मिनला द्यायला नको म्हणून स्वतःच्या घड्याळाचीही काढून घेतली, कमाल आहे! आदेशाविरुद्ध अ‍ॅपल कोर्टातही गेलंय.

भारतात असाल तर यातलं काही धरून चालू नका. यूएसबी-सी चार्जिंग पोर्ट युरोपच्या कायद्यामुळे आलं तरी आयफोन 15 पासून आपल्यालाही मिळालं, कारण दोन बाजारांसाठी दोन पोर्ट बनवणं कोणाला परवडणार, पण सॉफ्टवेअरमधली सोय देशानुसार चालू-बंद करता येते आणि अ‍ॅपल तेच करतंय. आपल्याकडे अशाच धर्तीच्या डिजिटल कॉम्पिटिशन बिलाचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला, पुढे गाडी अडली.

तर पळणं, ट्रेकिंग, बॅटरी महत्त्वाची असेल तर कुठेही राहा, गार्मिन घ्या, उत्तर देता येत नाही हे गृहीत धरून. मेसेज-कॉल मनगटावरच उरकायचे असतील तर भारतात अ‍ॅपल वॉचच. युरोपात असाल आणि घाई नसेल तर थोडं थांबा, पण दुकानदार ‘पुढच्या अपडेटला सगळं येईल’ म्हणाला म्हणून पैसे टाकू नका.