होमलॅब आणि गेमिंग एकाच डब्यात – वर्षभर वापरून झाल्यावर

वर्षभर एकच मशीन चोवीस तास चालू आहे, दिवसा त्यावर होमलॅब (घरच्या सेवा चालवायला आणि शिकायला घरचाच छोटा सर्व्हर) आणि रात्री जेवणं झाली की गेम. पार्ट घेताना मी ग्राफिक्स कार्ड आधी ठरवलं आणि बाकीचं नंतर बघू म्हटलं, तिथेच चुकलं. असं दुहेरी मशीन बांधायचं असेल तर आधी मदरबोर्ड आणि रॅम ठरवा, कार्ड सगळ्यात शेवटी.

सेटअप सांगतो. खाली प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारी सिस्टीम), त्यावर सिनेमे बघायला जेलीफिन, फोटोंसाठी इमिच (आईच्या मोबाईलमधले सगळे फोटो आता तिथेच जातात), घरातली स्मार्ट उपकरणं चालवायला होम असिस्टंट, शिकायला म्हणून तीन लिनक्स व्हीएमचं छोटं कुबरनेटिस (अनेक मशीनवर प्रोग्राम वाटून चालवणारी सिस्टीम), आणि एक विंडोज व्हीएम ज्याला ग्राफिक्स कार्ड थेट पासथ्रू केलंय, म्हणजे पूर्ण त्याच्याच ताब्यात दिलंय. मॉनिटरची केबल त्या कार्डालाच आहे, खेळताना हे व्हीएम आहे हे जाणवत पण नाही.

प्रोसेसर रायझन ९ ७९००. नुसतं गेमिंग असतं तर डोळे झाकून ७८००एक्स३डी घेतला असता, ९६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे त्यात, पण कोर आठच. ७९०० ला १२ कोर, २४ थ्रेड आणि टीडीपी (किती तापतो, वीज खातो त्याचा ढोबळ आकडा) फक्त ६५ वॅट, दिवसरात्र चालणाऱ्या मशीनला हेच पाहिजे. आत सहा-सहा कोरचे दोन तुकडे असतात, प्रत्येकाचा ३२ एमबी एल३ कॅश वेगळा. सुरुवातीला मी विंडोजला नुसते सहा कोर देऊन टाकले, तर एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा चांगला दिसायचा पण कॅमेरा गर्रकन फिरवला की बारीक झटका बसायचा, दोन आठवडे मी ड्रायव्हर बदलत बसलो, शेवटी कळलं की व्हीएमचं काम दोन्ही तुकड्यांवर उड्या मारतंय. एक अख्खा तुकडा विंडोजला पिन केला (कायमचा बांधून दिला), दुसरा बाकी सगळ्यांना, झटका गेला तो गेलाच. अजून एक, ७९०० मध्ये छोटं इनबिल्ट ग्राफिक्स आहे, होस्टची, म्हणजे खालच्या प्रॉक्समॉक्सची, स्क्रीन त्याच्यावर चालते आणि मोठं कार्ड मोकळं राहतं. ७५००एफ सारखे शेवटी एफ असलेले प्रोसेसर स्वस्त पडतात पण त्यात हे नसतं, या कामाला घेऊ नका.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा (बोर्डवरचे जास्तीचे पोर्ट सांभाळणारी चिप) आहे. इथे लाईटिंग आणि हीटसिंक बघून भुलू नका, आयओएमएमयू ग्रुप बघा, म्हणजे बोर्डवरचे कोणते भाग एका गटात बांधलेत ते. एका ग्रुपमधलं सगळं एकाच व्हीएमला द्यावं लागतं. प्रोसेसरजवळचा मोठा स्लॉट बहुतेक बोर्डांवर वेगळ्या ग्रुपमध्ये येतो, त्याचं टेन्शन नाही, पण चिपसेटवरचे यूएसबी, लॅन, साटा सगळे एका गठ्ठ्यात असले की कीबोर्ड-माऊससाठी अख्खा यूएसबी कंट्रोलर विंडोजला देता येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तीन दुकानांत विचारलं, एका काउंटरवरच्या दादांनी सरळ सांगितलं की हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. त्यामुळे ज्या मॉडेलचे ग्रुप आधीच कोणीतरी नेटवर टाकलेत तेच घ्या, मी तसंच केलं.

रॅमने मला जास्त रडवलं. एका दुकानात सोळा जीबीच्या चार स्टिक गळ्यात मारल्या, चारही स्लॉट भरले की मस्त चालेल म्हणाले. घरी लावल्या तर स्पीड ३६०० वर! एएमडीच्या स्पेकमध्येच लिहिलंय, झेन ४ ला (७९०० याच पिढीचा) दोन स्टिकवर ५२०० आणि चारवर ३६००. परत घ्यायला तयार नव्हते, तोटा सोसून विकल्या आणि ४८ च्या दोन घेतल्या, ९६ जीबी. त्या लावून पहिल्यांदा चालू केलं तर काळी स्क्रीन, बोर्डवर रॅमचा केशरी दिवा नुसता पेटलेला, पंखे फिरतायत, मी दोनदा स्विच बंद केला. डीडीआर५ (ही नवी रॅम) पहिल्यांदा ट्रेनिंग करतं, म्हणजे बोर्डाशी जुळवून घेतं, त्याला काही मिनिटं लागतात, हात लावायचा नसतो, तिसऱ्यांदा तसंच सोडून चहा करून आलो तर बायोस समोर!

कार्ड आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबीवालं. १४४० पी रिझोल्युशनला मला पुरतं, १६५ वॅटचं आहे, आणि दिवसा त्याच मेमरीत छोटी एआय मॉडेल चालवून बघता येतात. पूर्वी एनव्हिडियाचा ड्रायव्हर व्हीएममध्ये एरर ४३ देऊन बसायचा, २०२१ पासून ती अडचण राहिली नाही. हार्ड डिस्क जुन्याच वापरल्या, नवीन घेणार असाल तर झेडएफएससाठी (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टीम) सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे) आहे का एवढं विचारा, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेले) नको. डिस्क सोडून सगळं दीड लाखाच्या जरा वर गेलं, जीएसटी धरून.

आता जे जमलं नाही ते. पायहोल (घरभर जाहिराती अडवतं, घरातल्या सगळ्यांना वेबसाईटचे पत्ते तेच शोधून देतं) मी याच मशीनवर टाकलं होतं, म्हणजे कर्नल अपडेट करून रीस्टार्ट केलं की घरभर नेट बंद. एकदा बायकोची ऑफिसची मीटिंग चालू असताना तसं झालं आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्याच रात्री पायहोल जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हलवलं. घरातल्या सगळ्यांना लागणारी गोष्ट तुमच्या प्रयोगाच्या मशीनवर ठेवू नका.

वीज. गेम नसताना प्लगला लावलेल्या मीटरवर ७० वॅटच्या आसपास दिसतं, म्हणजे महिन्याला साधारण ५० युनिट. महावितरणचा स्लॅब बघून हिशोब करा, आमच्याकडे बिलात लगेच जाणवलं.

आणि अँटी-चीट, म्हणजे गेममधली फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर. व्हॅलोरंट त्यामुळे व्हीएममध्ये चालत नाही, त्यावर उपाय शोधत बसू नका, अकाउंट जायचं. ड्युअल बूट केलं (मशीन थेट विंडोजमध्येच सुरू केलं) तर खेळताना अख्खी लॅब बंद, मग एकत्र बांधण्यात अर्थच काय. धाकट्या भावाला तोच गेम लागतो, त्याच्यासाठी जुना आय५ चा पीसी टेबलाखाली अजून ठेवलाय.