पासिंगनंतरची पद्मिनी: एका पावसाळ्याचा अनुभव

१९८४ सालची माझी प्रीमियर पद्मिनी गेल्या हिवाळ्यात नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीतून पार पडली आणि त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा ती कोल्हापुरात नियमित वापरात आहे. पासिंगसाठी करून घेतलेली कामे रस्त्यावर कितपत टिकली, ते येथे नोंदवत आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन दणकट आहे. अशा गाड्या तपासणीत अडतात त्या बहुधा रबर, गंज आणि अर्थिंगपाशी (विजेचा बॉडीशी असलेला परतीचा जोड).

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते, शिवाय अशी गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. ऐंशीच्या दशकातील पद्मिनीला सर्वसाधारण खासगी मोटारीचाच नियम लागू होतो: पहिली १५ वर्षे झाली की दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते ब्रेककडे. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नियमानुसार ताशी ३० किलोमीटर वेगातील गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि ती सरळ रेषेत थांबणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्या ओलाव्याने व्हील सिलिंडरला (चाकातील ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याला) आतून खड्डे पडतात, रबरी वॉशर झिजतात आणि ऑइल लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर) झिरपून गाडी एका बाजूला ओढू लागते. त्याहून फसवा दोष रबरी होसचा. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला असल्यामुळे पाय काढल्यावरही दाब सुटत नाही आणि ब्रेक चाकाला धरून राहतो. थोडे अंतर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात नेला, तर जास्त तापलेले चाक लगेच कळते. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत ड्रम लेथवर घासून घेतले आणि सर्व सिलिंडर व होस नवे बसवले. पन्हाळ्याच्या उतारावर भर पावसातही गाडी आजवर रेषा सोडत नाही, म्हणून या खर्चाची मी मनापासून शिफारस करीन.

स्टिअरिंगचा मोकळा फेर ३० अंशांपेक्षा अधिक चालत नाही. तो वाढला की अनेकजण स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून मोकळे होतात. त्याने हा मोकळा फेर (प्ले) कमी झाल्यासारखा वाटतो, पण वळणावर स्टिअरिंग जड होऊन अडकते. दोष बहुधा टाय रॉडच्या (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांत किंवा किंगपिनच्या (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्या) बुशमध्ये असतो. पुढचे चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवावे, म्हणजे खरे कारण हाताला लागते. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तर पुढे फारशी तक्रार राहत नाही.

पद्मिनीला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा सडली असेल, तर त्यावर पुट्टी भरून रंग मारणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. पत्रा कापून नवा वेल्ड करावा. बॉडीवरच कोरलेल्या चासी क्रमांकावर रंगाचे थर चढले असतील, तर ते हलक्या हाताने, अक्षरे न खरवडता काढावेत, कारण तपासणीसाठी त्याची पेन्सिलने घेतलेली छाप अस्पष्ट आली की काम तिथेच थांबते.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, ही तक्रार जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत आढळते. बल्ब बदलत बसण्यापूर्वी दिव्याच्या बैठकीचा गंज घासून अर्थिंगची नवी वायर द्यावी. हेडलाइटला रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावल्यापासून उजेडात स्पष्ट फरक पडला आहे.

पीयूसीसाठी (धुराच्या प्रदूषण प्रमाणपत्रासाठी) अशा जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. चोक पूर्ण उघडत असेल, एअर फिल्टर स्वच्छ असेल आणि कार्बोरेटर नीट बसवलेला असेल, तर ती पाळणे अवघड नाही. पेट्रोलच्या नळ्या मात्र पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना इथेनॉलने आधार दिला, याचा मला आनंदच आहे, पण जुने रबर त्याने मऊ पडून चिरते आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ पेट्रोलची गळती फार धोक्याची ठरते. माझ्या गाडीतील टाकीपासून पंपापर्यंतची नळी बदलली आहे. पंपाचा रबरी पडदा (डायफ्रॅम) दिवाळीपूर्वी बदलून घेणार आहे.