ऑनलाइन पोस्ट बेसिकच्या नावाखाली माझे १,५०,७०० रुपये गेले

मी अडाणी नाही, हे आधीच सांगते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ आयसीयूत. तरीही फसले. घरी खरा आकडा सांगायला मला दीड महिना लागला, यावरून काय ते समजा.

पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमावाल्या नर्सेससाठीचा पदवी कोर्स, कधीचं मनात होतं. आमच्याकडे इन्चार्ज करताना डिग्री बघतात. माझ्याकडून आयव्ही लावायला शिकलेल्या मुली आज माझ्या ड्यूट्या लावतात. रेग्युलर कोर्स दोन वर्षांचा, तोही पूर्ण वेळ. खासगी हॉस्पिटलात तेवढी रजा कोण देतं? पगार थांबला तर घराचा हप्ता कोण भरणार? म्हणून नर्सेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ड्यूटी सांभाळून ऑनलाइन पोस्ट बेसिक’ असा मेसेज आला तेव्हा मी फोन केला. माझ्या जागी कुणीही केला असता.

तो स्वतःला अॅडमिशन काउन्सेलर म्हणवायचा. आवाज शांत, प्रत्येक वाक्यात ‘सिस्टर’. म्हणाला, “इग्नूने पोस्ट बेसिक दूरशिक्षणानेच चालवला ना सिस्टर? मग हा ऑनलाइन का नाही होणार?” मला ते पटलं. पण इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या त्या कोर्सलाही प्रवेश परीक्षा असायची, ठरलेल्या केंद्रावर प्रॅक्टिकल करावं लागायचं. इथे प्रवेश परीक्षा नव्हती. पैसे भरले की प्रवेश.

नोंदणीचे ५,५००. वर्षाची फी ४८,०००, अशी दोन वर्षं. परीक्षा फी दोन वेळा १२,५००. मग ‘मायग्रेशन आणि समकक्षता’ म्हणून १८,०००. शेवटी पदवी प्रमाणपत्राचे ६,२००. सगळे यूपीआयने, एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. कॉलेजची फी कुणा व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितली तर तिथेच फोन ठेवा.

परीक्षा रात्री नऊला लिंकवर झाली, सगळे बहुपर्यायी प्रश्न. तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली की आता सगळीकडे असंच चालतं.

पण लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रॅक्टिकलची नोंदवही, आलं तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. कुरिअरने जाडजूड फाइल आली. आत सगळं भरलेलं. कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या पोस्टिंगच्या तारखा, घरभेटी, कुटुंबांचा अभ्यास, खाली सुपरवायझरच्या सह्या. त्या तारखांना मी आयसीयूत होते, त्यातल्या दोन दिवशी तर डबल ड्यूटीवर. माझ्या हाताखाली विद्यार्थिनी येतात. कॅथेटर स्वतः टाकलेला मी पाहिल्याशिवाय मी त्यांच्या लॉगबुकवर सही करत नाही. एकदा एक मुलगी रडली होती, तरी केली नाही. आणि मी, त्याच हाताने, त्या खोट्या फाइलवर विद्यार्थिनीच्या जागी सही केली. एकेक पान उलटत, ३६ ठिकाणी. “तुम्ही रोज पेशंट बघताच की, तेच प्रॅक्टिकल धरतात,” असं तो म्हणाला होता. मी थकले होते, नाइट करून आले होते, तोवर लाखाच्या वर रक्कम गेली होती. आता मागे फिरायचं कसं, असं वाटलं. ती फाइल आजही कपाटात आहे, पण मी ती उघडत नाही.

हॉस्पिटलने डिग्री पडताळणीला पाठवली. ज्या विद्यापीठाचं नाव मार्कशीटवर होतं त्यांचं उत्तर आलं: या नंबरचा विद्यार्थी नाही, आम्ही नर्सिंग शिकवतच नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दूरशिक्षण आणि ऑनलाइनसाठी मनाई केलेल्या अभ्यासक्रमांच्या यादीत नर्सिंग स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी दहा मिनिटं काढून ती यादी बघितली असती तर!

पुढचं सांगताना तर जास्त संताप येतो. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बसवलं आणि म्हणाले, “मॅडम, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हा दिवाणी वाद आहे.” दुसऱ्यांदा गेले तर खातं परराज्यातलं, तिकडे जा. मी विचारलं, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची असं १ जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा सांगतो ना? साहेब जेवायला उठून गेले. जिथे नर्सेसचं रजिस्ट्रेशन होतं त्या कचेरीत खिडकीवरची बाई म्हणाली, “हे आमच्याकडे येत नाही.” मग कुणाकडे येतं? आमच्या नावापुढची पदवी खरी की खोटी हे तुम्ही बघायचं नाही तर कुणी? बँकेने सांगितलं, फार उशीर झाला. त्यांचं एवढं मात्र खरं. पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला हवा, म्हणजे खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझा शेवटचा हप्ता जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

महाराष्ट्रात शिकायचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत नाव शोधा, एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात निम्मं पुसलं, आणि आता पुरावा म्हणून तेच मागतायत.

त्याच खात्यात पैसे भरलेल्या आणखी तिघी सापडल्या आहेत. सोमवारी आम्ही चौघी बँकेचे स्टेटमेंट घेऊन एकत्र पोलीस ठाण्यात जाणार आहोत. त्या ग्रुपवर मात्र कालच नव्या नंबरवरून मेसेज आला: ‘फक्त सात जागा शिल्लक.’