सहा महिने, चौदा डबे: गवती चहा, फळांचे चहा आणि सगळीकडे घुसलेली अंबाडी

स्ट्रॉबेरी, रानबेरी, चेरी, संत्रं, डाळिंब आणि एक ‘ट्रॉपिकल’. सहा डबे, सहा चित्रं, आणि कपात सहाही वेळा तोच लालभडक आंबट काढा. सहा महिन्यांत असे चौदा डबे पिऊन बघितले, आणि हे लिहायला घेतलं ते याच चिडीतून. गवती चहाबद्दल चांगलं लिहायचंय, तेही येईल. पण आधी हा हिशेब.

डब्याची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे पहिली दोन नावं हाच खरा चहा. चार डब्यांवर पहिलं नाव हिबिस्कस. उरलेल्या दोन डब्यांवर सफरचंदाचे तुकडे पहिले आणि हिबिस्कस दुसरं. मग रोझहिप (रानगुलाबाचं फळ), संत्र्याची साल, कुठे सायट्रिक आम्ल, मग ‘फ्लेवर’, आणि पार शेपटाला ते चित्रातलं फळ. स्ट्रॉबेरीच्या डब्यावर ते २ टक्के आहे. पिशवी २ ग्रॅमची, म्हणजे पिशवीमागे ४० मिलिग्रॅम. वीस पिशव्यांचे झाले ८०० मिलिग्रॅम. मध्यम आकाराची एक स्ट्रॉबेरी सुकवली की साधारण एक ग्रॅम उरते. म्हणजे अख्ख्या डब्यात एक धड स्ट्रॉबेरी नाही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हिबिस्कस म्हणजे बागेतली जास्वंद असं बरेच जण धरून चालतात. ती नव्हे. चहात येते ती लाल अंबाडी, तिच्या बोंडाभोवतीचं मांसल लाल आवरण सुकवून. उत्पादकाला ती का आवडते हे उघड आहे: चिमूटभर टाकली तरी दोन मिनिटांत कप लाल होतो, आणि आंबटपणामुळे ‘फळ’ असल्याचा भास होतो. पण तिच्या अर्काचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तीनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातो. दातांचं इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं, म्हणून दुसऱ्या कपाला दात आंबतात. असा चहा थर्मासमध्ये भरून दिवसभर घोट-घोट पिऊ नका. एका बैठकीत संपवा, वर साधं पाणी प्या आणि ब्रश करायचा असेल तर अर्धा तास थांबा. दूध तर अजिबात घालू नका. दुधातलं केसीन हे प्रथिन ४.६ पीएचला साकळतं आणि हा कप त्याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे दूध पडल्या पडल्या फाटतं.

घटकांची यादी नसलेला सुटा चहा हाती आला तर एक सोपी तपासणी आहे. पांढऱ्या बशीत चमचाभर अर्क घ्या आणि वर चिमटीतून खाण्याचा सोडा सोडा. फेस येतो आणि फेसाच्या कडेने लाल रंग आधी जांभळा, मग मळकट निळा-राखाडी होत जातो. अंबाडीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल असतं, आम्ल मारलं की पालटतं. गडद बेरीतही हेच रंगद्रव्य असतं, त्यामुळे बेरीच्या चहात ही तपासणी काही सिद्ध करत नाही. पण आंबा किंवा संत्र्याचा म्हणून दिलेला चहा असा निळा पडला तर आत कोण बसलंय ते कळतं. याच कारणाने जड पाण्यात हे चहा फिकट आणि मिळमिळीत लागतात. पाण्यातलं बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतं. डब्याला नावं ठेवण्याआधी एकदा गाळलेल्या, कमी क्षारांच्या पाण्यात करून बघा.

चवींची तुलना तीन कपांनी केली. दोन कपांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा, कप दुसऱ्याने लावायचे, आपण वेगळा ओळखायचा. प्रमाण सगळ्यांना सारखं: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम, सहा मिनिटं, झाकून. हे माप आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकातलं. ते खऱ्या चहापत्तीसाठी आहे आणि रोज प्यायला फार कडक होतं, पण कडक अर्कात दोष लपत नाहीत. (ब्रिटिशांचं याच विषयावरचं सहा पानी मानक बीएस ६००८. त्याला १९९९ साली इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं बक्षीस, मिळालं. हसण्यासारखं आहे खरं, पण माप न धरता चहांची तुलना करणं त्याहून हास्यास्पद आहे.)

नाक चिमटीत धरून प्यायल्यावर स्ट्रॉबेरी, चेरी आणि रानबेरी यांत फरक सापडला नाही, एकदाही नाही. आंबट, किंचित तुरट, संपलं. नाक सोडल्यावर चेरी कळली, स्ट्रॉबेरी आणि रानबेरी तेव्हाही अंदाजानेच. म्हणजे जिभेला मिळते ती अंबाडी, आणि फळ असतं ते फक्त वासात. तो वासही टिकत नाही. स्ट्रॉबेरीच्या वासात इथाइल ब्युटिरेटसारखी हलकी एस्टरं, म्हणजे चटकन उडून जाणारी वासाची द्रव्यं असतात, ती पहिल्या वाफेबरोबर निघून जातात. डबा उघडला की घमघमाट आणि कपात चवीचा पत्ता नाही, त्याचं कारण हे. पीचचा वास मुख्यतः गॅमा-डेकालॅक्टोनचा. ते जड असतं, गरम कपात शेवटच्या घोटापर्यंत रेंगाळतं. चौदा डब्यांत फळाच्या नावाला जागला तो एकच: पीच, आणि तोही अंबाडीवर नाही, रुईबॉसवर.

रुईबॉस ही दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्ग भागातली झुडुपाची काटकी-पाती. कॅफिन नाही, टॅनिन कमी, त्यामुळे दहा मिनिटं विसरलात तरी कडू होत नाही, आणि आंबट नसल्याने दूधही चालतं. फळाचा वास द्यायचाच असेल तर पाया हा हवा. खोड एकच: सुईसारखे बारीक तुकडे साध्या गाळणीतून खाली उतरतात. कापडी किंवा अगदी बारीक जाळीची गाळणी घ्या.

आता गवती चहा.

इथे माझं पहिलं मत साफ चुकीचं होतं. सुरुवातीला वाटलं, पात चिवट आहे, तेव्हा भरपूर उकळली पाहिजे. उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळल्यावर घरभर लिंबाचा वास आणि कपात सुकलेल्या गवताचं पाणी. घरभर गेला तो वास कपातलाच होता. गवती चहाचं तेल पातीच्या आतल्या पेशींत असतं आणि त्यात बहुतांश सायट्रल, हे लिंबाच्या वासाचं द्रव्य, म्हणजे जिरॅनिअल आणि नेरल यांची जोडी. ते वाफेबरोबर सहज निघतं. तेल काढणारे वाफेनेच काढतात, आणि आपण उघड्या भांड्यात नेमकं तेच करत असतो, फक्त गोळा न करता.

बरोबर पद्धत अशी. ताजी पात २०० मिलिलिटरला ४-५ ग्रॅम, म्हणजे दोन लांब पाती. कात्रीने सेंटिमीटरभराचे तुकडे, तेही पाणी उकळत आल्यावर, आधी नाही. पातीची कड धारदार असते, बोट उलटं फिरवू नका. सुकी असेल तर दीड-दोन ग्रॅम. उकळतं पाणी ओता, लगेच झाकण ठेवा, सहा-सात मिनिटं हात लावू नका. मग झाकण उचलून उलटं धरा. आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांना कपापेक्षा जास्त वास असतो, ते थेंब झटकून कपातच टाका. झाकणाचा कप आणि बिनझाकणाचा कप शेजारी ठेवून बघा. इथे तीन कपांच्या परीक्षेचीही गरज पडत नाही.

प्रमाण वाढवून उपयोग नाही. दुप्पट पात घातली की लिंबू जातं आणि फरशी पुसायच्या द्रवाची आठवण येते. सायट्रल साबणात आणि सफाईच्या द्रवांतही वापरतात, नाक त्याला तसंच ओळखतं. रोप निवडतानाही सिट्रोनेलाचं गवत चुकून उचलू नका. दिसायला भाऊबंद, पण त्यात सिट्रोनेलाल असतं आणि कपाला डास पळवायच्या मलमाचा वास येतो.

साठवणीत माझा १०० ग्रॅमचा बारीक कापलेला पुडा तीन महिन्यांत पेंढा झाला. तुकडा जितका बारीक तितकी हवा जास्त लागते, सायट्रलचं ऑक्सिडीकरण होतं, उरतो धुळकट वास. प्लॅस्टिकची पिशवी वास थोडा स्वतःच शोषून घेते, ती निराळीच. अख्खी सुकी पात घ्या, काचेच्या किंवा पत्र्याच्या घट्ट डब्यात गळ्यापर्यंत भरा, अंधारात ठेवा. ताजी जास्त असेल तर तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका. वितळवायची गरज नाही, थेट उकळत्या पाण्यात. फ्रीजरमधली पात सुक्या पातीपेक्षा कितीतरी ताजी लागते.

पिशवीतल्या गवती चहाची रड वेगळी. पूड इतकी बारीक की वास कारखान्यातच अर्धा गेलेला असतो. एका डब्यात बाहेर सेलोफेन, आत साध्या कागदी पिशव्या, पहिल्या दिवसापासून वास नाही. ग्राहकसेवेला लिहिलं तर उत्तर आलं, ‘नैसर्गिक उत्पादन असल्याने वासात फरक पडू शकतो.’ फरक पडला असता तर चाललं असतं, इथे मुळात वासच नव्हता! प्रत्येक पिशवी स्वतंत्र फॉइलच्या पाकिटात असलेला डबा मात्र सहाव्या महिन्यातही ठीक निघाला. चमकदार जाळीच्या तिकोनी पिशव्या टाळतो. त्यातल्या बऱ्याच नायलॉन किंवा पीईटी या प्लॅस्टिकच्या असतात, आणि मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात ९५ अंशांच्या पाण्यात अशा एका पिशवीतून सुमारे ११.६ अब्ज मायक्रोप्लॅस्टिकचे कण उतरल्याचं दिसलं. कात्रीने पिशवी फोडायची आणि माल गाळणीत घ्यायचा.

गवती चहा आणि ग्रीन टी एकाच पिशवीत घालणाऱ्यांचं काही कळत नाही. ग्रीन टीला ७५-८० अंश आणि दोन मिनिटं हवीत, गवती चहाला उकळी आणि सात मिनिटं. एकाचं ऐकलं की दुसरा पाणचट, दुसऱ्याचं ऐकलं की पहिला कडू. दोन्ही सुटे घ्या: आधी गवती चहा झाकून सात मिनिटं, मग पाणी ८० अंशांवर उतरलं की त्यातच ग्रीन टी, दोन मिनिटांनी गाळा.

बाकीचे थोडक्यात. पुदिना सगळ्यांना गिळतो, मिश्रणात पुदिना असेल तर बाकीची नावं शोभेला. कॅमोमाइलच्या फुलांचा चहा नीट, पण पाच मिनिटांच्या पुढे कडवट. शेवंती-झेंडूच्या कुळाची ॲलर्जी असेल तर सोडाच. रोझहिप जाडंभरडं असेल तर आतल्या बारीक केसांनी घसा खवखवतो. ‘साखर नाही’ लिहूनही जिभेच्या मागे गोडी बराच वेळ राहिली तर यादीत ज्येष्ठमध शोधा. रक्तदाबवाल्यांनी तो चहा रोजचा करू नये. त्यातलं ग्लिसिरायझिन दाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

चौथ्या महिन्यानंतरची भर: अंबाडीबद्दल वर लिहिलंय ते खोडत नाही, पण अर्धं मागे घेतो. गवती चहाला वास लिंबाचा असतो, आंबटपणा शून्य. नाकाने लिंबू सांगितलं की जीभ आंबटाची वाट बघते आणि ते येतच नाही. म्हणूनच तो काहींना ‘अपुरा’ लागतो. तिथे २०० मिलिलिटरला ०.३ ग्रॅम अंबाडी, म्हणजे सुक्या आवरणाचे दोन-तीन तुकडे, शेवटच्या दोन मिनिटांत टाका. रंग फिकट गुलाबी, आंबट जेमतेम, आणि गवती चहा एकदम पुरा वाटतो. गार करून तर फारच छान. म्हणजे गुन्हा अंबाडीचा नव्हता, पिशवीत ग्रॅमभर कोंबण्याचा होता.

पण हे मिश्रण त्याच दिवशी संपवा. आम्लात सायट्रल टिकत नाही. फ्रीजमधली बाटली दोन-तीन दिवसांनी उघडली तर लिंबू गायब आणि औषधी, डांबरगोळीच्या बाजूला झुकणारा वास. साधा गवती चहा गार करून ठेवलात तर त्यामानाने बरा राहतो. अंबाडी ऐनवेळी घाला.

ते सहा डबे फेकले नाहीत. पिशव्या फोडून एका बरणीत ओतल्या, आता तोच अंबाडीचा साठा. गवती चहाच्या एक लिटरला एक सपाट चमचा. या हिशेबाने तो अजून बरेच महिने संपत नाही, आणि स्ट्रॉबेरी आधीही लागत नव्हतीच.