बाटलीवरचं ‘डेंजर’ आणि त्याखालचा रंग: औषध निवडताना कशाकडे बघावं?

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दोन बाटल्या आहेत. एकीवर इंग्रजीत ‘पॉयझन’ छापलंय, दुसरीवर ‘डेंजर’. जास्त विषारी कोणती? ‘डेंजर’ म्हटलं की आपल्याला विजेच्या डीपीवरची कवटी आठवते, म्हणून बरेच जण दुसरीकडे बोट दाखवतात. कीटकनाशकांच्या भारतीय लेबलवर मात्र ‘डेंजर’ची पायरी वरून तिसरी आहे.

कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत. त्यांनुसार लेबलवर शंकरपाळ्यासारखा कोनावर उभा चौकोन असतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात शब्द आणि खालच्या अर्ध्या, त्रिकोणी भागात रंग. लाल रंगावर कवटी आणि ‘पॉयझन’: अति जहाल. पिवळ्यावरही ‘पॉयझन’च, फक्त कवटी नाही: जहाल. निळ्यावर ‘डेंजर’: मध्यम विषारी. हिरव्यावर ‘कॉशन’: सौम्य. ही वर्गवारी उंदरांवरच्या चाचणीतून येते. पोटात गेल्यावर चाचणीतले निम्मे उंदीर दगावतात ती मात्रा वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. ती ५० पर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान तितकं विष जास्त. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळे आकडे आहेत.

खरा गोंधळ परदेशी माहिती वाचताना होतो. अमेरिकेत ‘डेंजर’ हा कीटकनाशकाच्या लेबलवरचा सगळ्यात वरचा इशारा आहे आणि तोंडावाटेच्या चाचणीत त्याचीही मर्यादा ५० च आहे, म्हणजे आपला लाल त्रिकोण. त्याखाली ५०० पर्यंत ‘वॉर्निंग’, म्हणजे आपला पिवळा. आपण ज्या गटाला ‘डेंजर’ म्हणतो त्याला तिथे ‘कॉशन’ म्हणतात, आणि ‘कॉशन’ हा आपल्याकडे हिरव्याचा शब्द! कारखान्यातल्या रसायनांसाठी संयुक्त राष्ट्रांनी आखलेल्या पद्धतीत दोनच शब्द आहेत, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’, आणि तिथेही वरचा मान ‘डेंजर’लाच आहे. त्यामुळे अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो ते ‘डेंजर’ आणि तुमच्या हातातल्या बाटलीवरचं ‘डेंजर’ एक नव्हे. इथल्या दुकानात माझ्या मते शब्द बाजूला ठेवावा आणि रंगाला विचारावं.

आता प्रत्यक्ष निवड. उसातल्या खोडकिडीसाठी दोन औषधं घ्या: क्लोरपायरीफॉस २० ईसी आणि क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी. पहिलं पिवळं, दुसरं हिरवं. क्लोरपायरीफॉस जुनं, उग्र वासाचं आणि खिशाला परवडणारं. ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं आहे. किडीच्या मज्जासंस्थेतला जो दुवा ते तोडतं, तोच माणसातही असतो. म्हणून फवारणाऱ्याला दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दवाखान्यात वेळेत पोचलं तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. क्लोरँट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूंवर काम करतं. माणसाच्या शरीरावर त्याचा तेवढा जोर चालत नाही आणि मधमाश्यांनाही ते बरंच सौम्य पडतं. मात्र महाग आहे. शिवाय पाण्यातल्या बारीक जीवांना ते फार घातक आहे, तेव्हा पंप ओढ्यात धुवायचा नाही. घरचाच माणूस किंवा रोजंदारीवरचा गडी पंप पाठीवर घेणार असेल, तर मी वरचे पैसे मोजून हिरवं घेईन. क्लोरपायरीफॉसच घ्यायचं ठरलं तर मापात औषध ओतताना रबरी हातमोजे घालाच. पाण्यात मिसळण्याआधीचं औषध हातावर सांडणं हे फवाऱ्याच्या तुषारापेक्षा कितीतरी वाईट.

निळ्याचं सोपं उदाहरण म्हणजे मॅलॅथिऑन. तेही ऑर्गॅनोफॉस्फेटच, पण क्लोरपायरीफॉसपेक्षा एक पायरी खाली. ‘डेंजर’ वाचून ते परत ठेवायचं आणि त्याऐवजी पिवळी बाटली उचलायची, हे उफराटं होईल.

रंग फक्त एक गोष्ट सांगतो: एकदम अंगात गेलं तर किती थोड्या औषधाने माणूस दगावेल. वर्षानुवर्षं थोडं थोडं जात राहिलं तर काय, हे तो सांगत नाही. मॅन्कोझेब हिरवं आहे, द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगासाठी सर्रास वापरतात. त्याच मॅन्कोझेबच्या मान्यतेचं नूतनीकरण युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये नाकारलं. प्रजननावर आणि शरीरातल्या हार्मोनवर होणारा परिणाम हे त्यातलं मोठं कारण. निर्यातीचा माल असेल तर रंगाचा उपयोग आणखी कमी. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या उर्वरित अंशामुळे, आणि ते तर कीटकनाशकही नव्हतं, वाढ रोखणारं संजीवक होतं. अशा वेळी बघायचं ते लेबल क्लेम (म्हणजे औषध कोणत्या पिकावर, कशासाठी मान्य आहे), काढणीपूर्व प्रतीक्षा काळ आणि घेणाऱ्या देशाची अंशमर्यादा. हे सगळं बाटलीबरोबरच्या घडीच्या कागदात आणि निर्यातदाराकडच्या यादीत मिळतं. तो कागद दुकानातच टाकून येऊ नका.

पिवळ्या-पिवळ्यातही फरक असतो. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्याच गटात बसतं, पण त्यावर उतारा नाही. पोटात गेलेल्या एखाद्या घोटानेही फुप्फुसं निकामी होतात आणि माणूस काही दिवसांत हाताबाहेर जातो. लहान मुलं असलेल्या घरात ते ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाचा हिशेब पार कोलमडतो तो मिश्रणात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण गेले. डोक्यावर गेलेली दाट कपाशी, उकाडा, जोरात धुकं उडवणारे पंप आणि एकाच टाकीत कालवलेली दोन-तीन औषधं, असं सगळं एकत्र आलं होतं. लेबलवरचा त्रिकोण त्या एका औषधापुरता असतो, कालवलेल्या टाकीवर कुणी त्रिकोण छापत नाही. दुकानदाराने ‘याच्यात हेही टाका’ म्हटलं, तर ते मिश्रण दोन्ही लेबलांवर लिहिलंय का, हे त्याच्याकडूनच वाचून घ्या. लिहिलेलं नसेल तर एकच औषध घ्या आणि बाकीचे पैसे हातमोज्यांना, गॉगलला घाला. फवारणीनंतर कुणाला मळमळायला लागलं, तर दवाखान्यात जाताना ती बाटलीही सोबत न्या. कोणतं विष अंगात गेलंय हे कळलं, तर डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.