बँकेचं ॲप जुन्याच फोनवर चालवायचं, की फोन बदलायचा?

सहा-सात वर्षांचा फोन. व्हॉट्सॲप चालतं, बँकेचं ॲप उघडायला वेळ घेतं पण उघडतं. मग बदलायचा कशाला? आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. ठरवताना दोनच गोष्टी बघाव्यात: फोनला शेवटचा सुरक्षा पॅच (सिस्टीममधली भोकं बुजवणारं अपडेट) कधी मिळाला, आणि त्या फोनवरून पैसे नुसते येतात की बाहेरही जातात.

आधी तारीख बघा

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’. तिथे ‘सिक्युरिटी अपडेट’समोर तारीख असते. ती गेल्या वर्षभरातली असेल तर फोन बदलायची घाई नाही, बॅटरी टाका आणि वापरा. दोन वर्षांपलीकडची असेल तर त्या फोनवरून मुख्य खात्याचे व्यवहार करू नयेत, मग तो कितीही छान चालत असो. मधल्या वर्षात असेल तर खाली दिलेला मधला मार्ग धरावा.

नुसता अँड्रॉइडचा आकडा बघून फसायला होतं. अँड्रॉइड ११ला गुगलने २०२४मध्ये आणि १२ला २०२५मध्ये पॅच देणं थांबवलं, हे खरं. पण अँड्रॉइड १३ असूनही कंपनीने २०२३नंतर पॅचच दिला नाही, असे फोनही हातोहाती फिरतात. ‘प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट होतंय की’ हेही पुरेसं नाही. ॲप नवं आलं तरी खालची सिस्टीम जुनीच राहते, आणि भोकं तिथे असतात.

वर्षाची मर्यादा आम्ही मनाने ठरवलेली नाही. ॲप ज्या फोनवर चालतंय तो विश्वासाचा आहे का, हे बँकेच्या ॲपला गुगलच्या सेवेकडे विचारता येतं. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनला त्यातला सर्वांत कडक दर्जा मिळण्यासाठी गेल्या १२ महिन्यांतला पॅच लागतो. हा नियम मे २०२५पासून लागू आहे. कुठला दर्जा मागायचा हे बँक ठरवते. म्हणून एकाच फोनवर एका बँकेचं ॲप बिनतक्रार उघडतं आणि दुसरीचं ‘हे डिव्हाइस सुरक्षित नाही’ म्हणून बंद होतं. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून सिस्टीमचा पूर्ण ताबा घेतलेल्या फोनवर हे बहुतेकदा होतं. काही ॲप्स नुसता ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू असला तरी अडतात. तो बंद करून बघा, फुकटात काम होतं.

जुन्या फोनवर नेमकं काय बिघडतं

सगळ्यांत वाईट तेच, जे डोळ्यांना दिसत नाही. अँड्रॉइड ९ आणि त्याआधीच्या सिस्टीममध्ये २०२०मध्ये एक दोष उघड झाला होता: बँकेच्या खऱ्या आयकॉनवर बोट ठेवलं तरी समोर दुसऱ्याच लबाड ॲपचं लॉगिन पान येऊ शकत होतं. मे २०२०च्या पॅचने तो बुजवला. ज्या फोनला तो पॅच कधी मिळालाच नाही, तिथे दार अजून उघडंच.

दुसरी वाट व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणाऱ्या फाइलची. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानची यादी, नावं बदलतात, काम एकच. फाइल टाकली की ती एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (स्क्रीन वाचून फोन चालवण्याची) परवानगी मागते, मिळाली की ओटीपी परस्पर बाहेर जातात आणि स्क्रीनवर दुसऱ्याचा हात चालतो. अँड्रॉइड १३पासून अशा बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजी मिळत नाही, ती सेटिंग मुद्दाम अडवलेली असते. जुन्या फोनवर ही अडवणूक नाही. अर्थात नव्या फोनवरही मालकानेच समोरच्याच्या सांगण्यावरून एकेक कुलूप काढून दिलं, तर फोन तरी काय करणार?

रोजचे त्रास त्या मानाने साधे. १६ जीबीचा फोन भरला की ॲपचं अपडेट अर्ध्यावर अडकतं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढून दोन-तीन जीबी मोकळं करा. ॲप उघडताच बंद पडत असेल तर प्ले स्टोअरमधून ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ अपडेट करा. बॅटरी पार उतरून फोनची तारीख मागे गेली असेल तर सर्व्हरशी जोडणी होत नाही; तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

किनाऱ्यावरची खारी, दमट हवा वेगळंच काम करते. सिमच्या ट्रेमध्ये आणि चार्जिंगच्या पॉइंटला हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात ‘नो सिम’ येऊ लागलं की यूपीआय ॲप पुन्हा पडताळणी मागतं, कारण ते त्या सिमशी बांधलेलं असतं. ट्रे काढून सुक्या मऊ कापडाने सिम पुसा, फुंकर मारू नका. ओल्या किंवा मासळीच्या हाताने बोटाचा ठसा लागत नाही. त्यासाठी नवा फोन घेणं मूर्खपणा, पिन टाका.

रेंजचा मुद्दा मात्र खरा आहे. आतल्या वाड्यांत बीएसएनएलवर भिस्त असेल तर त्यांचं फोरजी ७०० मेगाहर्ट्झवरही, म्हणजे बँड २८वर चालतं. बऱ्याच जुन्या फोनमध्ये तो बँडच नसतो. टॉवर जवळ असूनही पेमेंट गोल-गोल फिरत राहतं त्याचं एक कारण हे. अशात पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला पाठवलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

नवा घ्यायचा तर

कॅमेरा आणि रॅमच्या आधी विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं? समजा, १२ हजारांच्या फोनला दोन वर्षं मिळणार आणि १६ हजारांच्या फोनला सहा. पहिला वर्षाला सहा हजारांना पडतो, दुसरा तीन हजारांच्याही आत. सहा वर्षांचं आश्वासन स्वस्त फोनमध्ये आता मिळतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ फाइव्हजीला ते आहे. फक्त वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त झालेलं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल म्हणजे दोन वर्षं आधीच संपलेली.

जुना महागडा फोन सेकंडहँड घेण्यापेक्षा नवा साधा फोन बँकेसाठी बरा, असं आमचं मत आहे. तरी घ्यायचाच असेल तर दुकानातच पॅचची तारीख बघा, *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक घ्या, आणि इंग्रजीत के-वाय-एम ही अक्षरं, मध्ये जागा, मग तो १५ आकडी नंबर असा एसएमएस १४४२२ला पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं.

मधला मार्ग

पैसे फक्त घेणाऱ्याला स्मार्टफोनची गरजच कमी. हर्णैच्या बंदरावर मासळी विकणारी, मालवणात दोन खोल्या भाड्याने देणारी यांना छापील क्यूआर आणि आवाज देणारा डबा पुरतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. मागितला तर समोरचा लुबाडतोय.

द्यायचेही असतील तर नुसतं मुख्य खातं यूपीआयमधून काढून भागत नाही. त्या खात्याला जोडलेलं सिम जुन्या फोनमध्ये असेपर्यंत ओटीपी तिथेच येतात. म्हणून मुख्य खात्याचं सिम बटनाच्या साध्या फोनमध्ये घाला. दुसऱ्या नंबरवर वेगळं बचत खातं ठेवून त्यात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे टाका, आणि तेवढंच जुन्या स्मार्टफोनवर जोडा. बटनाच्या फोनवरूनही *९९# दाबून शिल्लक बघता येते, पैसे पाठवता येतात. इंटरनेट लागत नाही.

बदलताना

सुरुवात जुन्या फोनवरून करा. यूपीआय लाइटमध्ये (छोट्या पेमेंटसाठी आधी भरून ठेवायची शिल्लक) पैसे असतील तर आधी ते बंद करून रक्कम खात्यात परत घ्या, कारण ती शिल्लक त्या फोनलाच बांधलेली असते. मग सिम नव्या फोनमध्ये घाला, सिस्टीमची सगळी अपडेट्स होऊ द्या, आणि बँकेचं ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. पडताळणीचा एसएमएस तुमच्याच सिमवरून जातो, तेव्हा थोडा बॅलन्स हवा; दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा. यूपीआय पिन जुनाच चालतो.

जुनं मोठं सिम बदलून नॅनो किंवा ई-सिम घ्यावं लागलं तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. नव्या फोनवर यूपीआय जोडल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादाही असते. म्हणून मजुरी वाटायच्या किंवा दवाखान्याचं बिल भरायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

नव्यावर दोन-तीन व्यवहार नीट झाले की जुन्या फोनवरचं गुगल खातं काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट केलंत तर पुढच्या माणसाला फोन तुमचा पासवर्ड मागत बसू शकतो. पाठीमागचं झाकण फुगलेलं दिसलं तर तो फोन पोरांना खेळायला देऊ नका, बॅटरी स्वतः काढायलाही जाऊ नका, तसाच दुकानात द्या.