कावीळ विहिरीतून की डुकरातून?
हिपॅटायटिस ई या काविळीच्या विषाणूचे जनुकप्रकार (जनुकांतल्या फरकांवरून पाडलेले गट) १ आणि २ फक्त माणसांत वाढतात, मैल्याने दूषित पाण्यातून पसरतात. ३ आणि ४ मात्र डुक्कर, रानडुक्कर, हरणांत राहतात. अर्धकच्च्या मांसातून, विशेषतः कलेजीतून, माणसांत येतात. जपानात असे रुग्ण सापडलेत. भारतातल्या डुकरांत प्रकार ४ आढळतो, पण इथल्या माणसांतला आजार बहुतेक प्रकार १ चा.

म्हणून कोकणात मला डुकराच्या नीट शिजलेल्या सुक्क्यापेक्षा पावसाळ्यात संडासाच्या खड्ड्याजवळच्या विहिरीची भीती जास्त वाटते. गरोदर बायांसाठी तर फारच: शेवटच्या तिमाहीत हा आजार झालेल्यांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. पाणी उकळूनच प्या. खाडीतली कालवंही पूर्ण शिजवा. दूषित पाण्यातला विषाणू त्यांच्यात साठतो.